तांब्याभर गोमूत्र

अंगणातल्या पिंपात भाताचा पेंढा सौम्य आम्लात भिजत होता. काडीचे काठिण्य सुटले की आतली साखर मोकळी होते आणि तिच्यापासून इंधन करता येते, असे माझ्या नातीने मला समजावले होते. आज सकाळी मात्र त्या उग्र वासाने माझे मन विटले. शुद्धीसाठी मी पिंपात तांब्याभर गोमूत्र ओतले.

"आजोबा, पिंपालाही सोवळं नेसवलंत वाटतं!" ती हसली, मग तिचा स्वर उतरला. "उद्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांना हेच दाखवायचं होतं. आता आम्लात भेसळ झाली, सगळं बिघडलं."

जडातले माधुर्य मुक्त करणे, याहून निराळी शुद्धी ती कोणती? माझ्या नाकाला मात्र तेवढा दुर्गंधच कळला.

पिंप रिकामे करताना ती म्हणाली, "तुम्ही आत बसा, वासाचा त्रास होईल." त्या मायेपुढे मला मान वर करता येईना.