वलगावचा पाचवा चहा

लेकीची सोयरीक जुळवायला वलगावला जायचं ठरलं, तेव्हा मी विचारलं, "हे नेमकं कुठे आलं?"

लेक म्हणाली, "अमरावतीजवळ. आणि आई, अमरावती कुठे आलं, हे तिथे जाऊन विचारू नकोस."

आम्हा पुणेकरांचा नकाशा शिक्रापूरपुढे जरा धूसर होतो, हे मान्य. मुलगा निखिल अकोल्यात नोकरीला, आईवडील वलगावला, शेती काळ्या मातीची. दोघांचं आपापसात ठरलेलंच होतं. आपण घर पाहायचं आणि होकार द्यायचा, एवढंच काम. होकार फक्त आपणच द्यायचा असतो, असं मी गृहीत धरलं होतं.

जायचं तर जानेवारीत जा. मे महिन्यात वऱ्हाडात राहायला एक तर तिथे जन्म व्हावा लागतो किंवा बदली. संध्याकाळी पुण्याहून रेल्वेत बसलं की सकाळी अकोला. स्टेशनवर निखिल आला होता. त्याने मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहराच्या गल्ल्यांत नेलं आणि एका गाडीवर आलुबोंडा-रस्सा मागवला. आमचं बोलणं ऐकून गाडीवाला म्हणाला, "पुन्याचे काय? मंग रस्सा कमी टाकतो." आमच्या ह्यांचा स्वाभिमान दुखावला. "पूर्ण टाका," म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास रुमालाने डोळे पुसत बसले.

मग निखिलसोबत अकोल्याहून अमरावतीला एसटीने अडीच-तीन तास. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी अर्ध्या पैशांत आणि हे पूर्ण पैशांत सारखेच हादरे खात गेलो. पुढे अचलपूरच्या एसटीत बसलं की अर्ध्या तासात वलगाव.

निखिलच्या आईने, मंदाताईंनी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि गरम भाकरी असं काही वाढलं की मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "चला आता, चहाले जाऊ." गल्लीतल्या पाच घरांतून बोलावणं होतं. निखिलने समजावलं, "सोयरे आले की प्रत्येक घरी चहा. ज्या घरचा चहा घेतला, ते घर लग्नात आपलं."

किती छान परंपरा, असं म्हणत मी ब्लॉगसाठी कपांचे फोटोही काढले. चार घरी चार कप झाले. पाचव्या दारात एक वयस्क बाई डोक्यावर पदर घेऊन, ट्रे धरून उभी होती. ह्या रशीदाबी, असं मंदाताईंनी सांगितलं. मी हात जोडले. "आता नको हो. मला पित्त आहे."

पुण्यात नको म्हणजे नको. म्हणणारा सुटतो, ऐकणाराही सुटतो. रशीदाबींनी ट्रे खाली ठेवला आणि "बरं" एवढंच म्हणाल्या.

घरी परतलो. तारीख पाहायला काढलेलं कॅलेंडर मंदाताईंनी पुन्हा खिळ्याला टांगलं. निखिलचे वडील तुरीच्या उताऱ्याबद्दल बोलू लागले. आमच्या ह्यांनी तारखेचा विषय काढला, तर म्हणाले, "पाहू आता. घाई काय हाय?"

"पाहू"चा अर्थ साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे. पुण्यात लेक फोनची वाट पाहत होती.

निखिल अंगणात भेटला. "काकू, आई शेतात जायची तेव्हा मी रशीदाखालाच्या घरी असायचो. रांगायला तिथेच शिकलो. तुमी तिलेच काहून नाही म्हनल्या?"

"अरे, पित्त..."

"चार घरी नव्हतं, काकू."

मला राग आला. मी तसली नाही, असं ठणकावून सांगणार होते. पित्त खरंच होतं. पण ते नेमकं त्या दारावरची उर्दू पाटी पाहिल्यावर आठवलं, हेही खरं होतं. फार लाज वाटली.

मी एकटीच परत गेले. "चहा घ्यायला आले," म्हटलं.

रशीदाबींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पित्त हाय ना तुमाले?"

"आहे."

"मंग बसा. अद्रक नाई टाकत."

चहा नव्याने ठेवला गेला, दूध जास्त, वेलदोडा भरपूर. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरगा आमचा एकच हाय, बाई. पुढच्या महिन्यात आमी समदे पुन्याले येऊन राहिलो. तिथं किती घरी चहा पाजसान?"

"पाच," मी म्हणाले. कुठून आलं तोंडात, देव जाणे.

संध्याकाळी कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं.

परतीच्या गाडीत हे फक्त एकदाच बोलले. "पाच?"

घरी आल्यावर मंदाताईंनी दिलेली तुरीची पिशवी डब्यात रिकामी केली, कपांचे फोटो पाहिले आणि मोजायला बसले. आमचं घर एक. पुढे आकडा सरकेना. अकरा वर्षं ह्या इमारतीत राहतो, समोरच्या दारावरचं नावही मला पाटी वाचून सांगावं लागलं असतं. उठले आणि समोरची बेल वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. "पार्सल?"

मी सगळं सांगितलं. सोयरीक, पाच घरं, रशीदाबी, माझं पित्तसुद्धा. बाई ऐकत राहिल्या, मग शब्द जुळवत म्हणाल्या, "चहा मला नीट येत नाही. आमच्याकडे कॉफी. चालते?"

"चालते. फक्त एक करा. कोणी नको म्हणालं, तर ऐकू नका."

त्यांनी साखळी काढली. "मग आधी तुम्ही या. ताजी करते."

पित्त होतंच. मी आत गेले.