तेविसावी सही

विनिता तांडेलला कुणी आधी सांगितलं असतं की बाई गं, तू जन्मभर बाप्यामाणसांना गप्प बसवत फिरणार आहेस, तर तिने आईची मासळीची पाटी उचलली असती नि बाजारात जाऊन बसली असती. तिथे निदान नको ते गिऱ्हाईक हाकलता तरी येतं!

माहुलची ही मुलगी अकरा वर्षं कारखान्यांत सुरक्षेचं प्रशिक्षण देतेय. मशीनवर हात कसा वाचवायचा, हे शिकवते. ऐकणारे एकेक नग असतात. मोबाइलमध्ये तोंड खुपसणाऱ्याला ती फळ्यावर लिहायला उभं करते. 'मला सगळं माहितीये'वाल्याला म्हणते, "या, तुम्हीच शिकवा," की दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो. सगळ्यांवर तिच्याकडे औषध होतं, एक सोडून.

तो एक म्हणजे अंधेरीच्या खोक्यांच्या कारखान्यातले लवूकाका. वय सत्तावन्न, मूळचे कणकवलीकडचे. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसणार नि दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न, मशीनच्या पात्यावरच्या संरक्षक जाळीचा, "चार नंबरच्या पात्यावर गार्ड कधी बसतलो?"

"ते साहेबांना विचारा ना, काका."

"बरा. शिकवा तुमी. पण गार्ड कधी?"

मागे हशा. विनिताचं डोकं नुसतं भणभणलं. शेवटी हजेरीचा कागद फिरला. बावीस सह्या झाल्या, तेविसावी नाही!

"मी सही करूचंय नाय," लवूकाका म्हणाले.

एचआरचा सौरभ दारातच उभा होता. "मॅडम, उद्या ऑडिट आहे. सगळ्या सह्या नसतील तर पुढच्या वर्षी आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हां." या कंपनीचे सहा कारखाने. विनिताचं निम्मं वर्ष त्यांतच जायचं. हे काम गेलं तर घरी बसायची वेळ.

अशा माणसाला एकटं गाठून गोड बोलावं म्हणतात. तिने लवूकाकांना बाहेर पायरीवर नेलं. गोड कसलं बोलतेय! "काका, काय छळ मांडलाय हो माझा? एक सही! तुमचं काय जातंय?"

"चार नंबरवर खंडूचो हात गेलो, तेव्हा सायबांनी ह्योच कागद काढल्यानी. म्हणाले, शिकवलेला, सही आसा, चूक तेचीच. खाली तुमचीय सही होती, मॅडम."

विनिताला खंडू आठवला. मागच्या वर्षी खिडकीपाशी बसलेला, पहिली सही करून पळालेला. यंदा तो का नाही, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि या म्हाताऱ्याचा रागही आला.

"मग हे सकाळीच सरळ सांगायचं ना!"

"सांगत होतंय की. गार्ड कधी, गार्ड कधी."

ती तरातरा आत गेली. कागदावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'चार नंबरच्या मशीनला गार्ड नाही. तो बसेपर्यंत तिथे कुणालाही उभं करू नये.' खाली सही ठोकली.

"मॅडम, वाट लावलीत!" सौरभ किंचाळला.

"माझीच लावलीय रे," ती म्हणाली.

सौरभ फोन कानाला लावून बाहेर धावला. लवूकाकांनी चष्मा चढवून एकूण एक शब्द वाचला, सावकाश सही केली नि ते परत पहिल्या रांगेत जाऊन बसले.

"आता शिकवा, मॅडम. सकाळपासना मी कायएक आयकूक नाय."

विनिताने कपाळावर हात मारला. पुढच्या वर्षीचं काम गेल्यात जमा होतं, घसा बसला होता, नि हा माणूस आत्ता म्हणतोय शिकवा! पण बाकीचे बावीसही उठले नव्हते. तिने फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.