वारा लागू नये म्हणून

त्या थंडीत मला सारखं वाटायचं, की माझी मुलगी मरणार. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. आई लगेच म्हणाली असती, वास्तू तथास्तु म्हणत असते, भलतंसलतं बोलू नये. नवरा इंटरनेटवर शोधून, पहिलटकरणींना असं वाटतंच, असं सांगून मोकळा झाला असता. पण मुलगी एकदा झोपली की उठायचीच नाही. तळव्यांना टिचक्या मारल्या, ओल्या बोटानं कान चोळले, तरी चार घोट पिऊन पुन्हा मान टाकायची. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला एका जुन्या भाड्याच्या घरात राहत होतो. नवरा सकाळीच बर्मिंगहॅमची ट्रेन पकडून ऑफिसला जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. माझ्या बाळंतपणाला आई नागपूरहून आली होती आणि तिनं पुढच्या खोलीची बाळंतिणीची खोली करून टाकली होती. माझ्या कानाला फडकं, पोटाला पट्टा, दार-खिडक्या बंद आणि भिंतीत बसवलेली गॅसची शेगडी दिवसभर चालू. माझं डोकं ठणकायचं, तेव्हा आई म्हणायची, कुठून तरी वारा लागला. तिचंही दुखायचं, तेव्हा म्हणायची, इथलं पाणीच मानवत नाही. मला नि बाळाला तपासायला सरकारी मिडवाइफ घरी यायच्या दिवशी मात्र ती सकाळपासून शेगडी बंद ठेवून खिडकी उघडायची, गोऱ्या बाईला घर कोंदट वाटायला नको म्हणून. त्या दिवशी मुलगी नेमकी डोळे उघडून टुकूटुकू बघायची. मिडवाइफ खूश होऊन जायची आणि मी आणखीच घाबरायचे, कारण मग सगळी भीती माझ्याच डोक्यातली ठरायची.

अशात आमच्या गल्लीतला रस्ता खणायला लागले. जमिनीखालचे गॅसचे जुने लोखंडी पाइप बदलून पिवळे प्लॅस्टिकचे टाकायचे होते. आम्ही बिल भरायचो ती कंपनी वेगळी, पाइप ज्यांचे ती वेगळी, आणि दोघींच्या डोक्यावर सरकारी नियम. पाइपवाल्यांनी गॅस वाहून नेण्याचे पैसे किती घ्यायचे, कुठले पाइप काढायचे, गॅसचा वास आला असं कुणी कळवलं तर किती वेळात पोचायचं, सगळं वरून ठरलेलं. नवऱ्याला या व्यवस्थेचं भारी कौतुक. जेवताना तो मला ती समजावून सांगायचा. मी म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. एका चुलीमागे इतकी माणसं कशाला लागतात?

एका सकाळी गल्लीचा गॅस बंद केला आणि दुपारी पाइपवाल्यांचा माणूस आमच्या दारात उभा राहिला. नवा पाइप जोडला होता, आता घरात गॅसवर चालणारी एकूण एक वस्तू बघून त्याला पेटवून द्यायची होती. त्याला सर्दी झाली होती आणि अजून बरीच घरं उरली होती. आई खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस कायले पाहिजे? त्याला म्हण, स्वयंपाकघरातलं बघ अन् जा."

मलाही तेच हवं होतं. मी त्याला सांगितलं, पुढच्या खोलीतली शेगडी छान चालते, आमची आम्ही पेटवून घेऊ.

"तसं जमत नाही," तो नाक पुसत म्हणाला. "बघितल्याशिवाय मला चालू करता येत नाही. नियमच आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर अख्ख्या घराचा गॅस बाहेरून बंद ठेवावा लागेल."

माझं डोकं फिरलं. खोली गार पडत चालली होती, मुलीचे पाय थंड लागत होते आणि हा मला नियम सांगत होता. एकदाची ब्याद टळू दे, म्हणून मी आईला बाजूला केलं.

त्यानं शेगडी पेटवली आणि नुसता बघत राहिला. जाळ पिवळा होता. वरच्या भिंतीवर काजळी होती. ती मीच दोनदा पुसली होती आणि जुनं घर म्हणून सोडून दिली होती. त्यानं शेगडी बंद केली, गुडघ्यावर बसला आणि सोफा ओढला. मागे जमिनीलगत भिंतीत हवेची जाळी होती. तिच्यातून तो कापड ओढायला लागला. आईचं जुनं सुती पातळ होतं ते, दुपट्यांसाठी नागपूरहून आणलेलं. एकामागून एक तुकडे बाहेर येत होते.

"काय करून राहिला हा?" आई ओरडली. "परत कोंबून ठेव म्हण. लेकराला वारा लागंल!"

त्यानं मला विचारलं, डोकं दुखतं का. मी हो म्हटलं. आईकडे बघून, यांचं? हो. मग त्यानं पाळण्याकडे बघून विचारलं, "आणि बाळ?"

मी पाळण्याशी जाऊन तिच्या नाकाशी बोट धरलं.

"तिला घेऊन बाहेर जा," तो म्हणाला. "कपडे राहू देत. आत्ता."

मी मुलीला शालीत गुंडाळून तशीच रस्त्यावर धावले. मागून आई टोपडं घेऊन धावली. वारा असा होता, की डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या माणसानं सगळी दारं-खिडक्या उघडली, अँब्युलन्सला फोन केला. हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसचं विष होतं आणि त्या विषाला वास नसतो, हे तो मला फुटपाथवर सांगत होता. मी धड ऐकतही नव्हते. आत विषानं गेली नसेल तर इथं थंडीनं जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. कुणाचं ऐकून कुठे उभं राहावं, तेच मला कळेना.

हॉस्पिटलमध्ये तिच्या टाचेतून रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मी एकाही देवाचं नाव घेतलं नाही, इतकी मी घाबरले होते. नवरा बर्मिंगहॅमहून धावत आला. डॉक्टर शेवटी म्हणाली, वेळेवर आणलंत, बाळ ठीक होईल, पण जाळी कुणी बंद केली होती? नवरा आईकडे वळून मराठीत सांगायला लागला. मी त्याचा हात दाबला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला सांगायला लागलं नाही. ते तुकडे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बाहेर येताना पाहिले होते.

घरमालकानं ती शेगडी काढून टाकली आणि विजेचा हीटर दिला. मुलगी रडायला लागली, घर डोक्यावर घ्यायला लागली. आई तिच्या तिकिटाच्या तारखेपर्यंत राहिली. झाल्या गोष्टीबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. पण नातीला तिनं पुन्हा आपणहून उचललं नाही. पाळण्याशी यायची, हात पुढे करायची, थांबायची आणि मला विचारायची, "घेऊ का गं?"

मी हो म्हणायचे. पण त्याआधी दर वेळी माझी नजर त्या जाळीकडे जायची, आणि ते तिला दिसायचं.