रेडिएटरमधली हळद

आमची व्हॅन जुनी होती आणि तिच्या पोटात गंज होता. बाहेरून बरी दिसायची. रेडिएटरचं झाकण उघडलं की आत गढूळ, तांबडं पाणी. सोनिवलीला आमच्याकडे बोअरचं पाणी. त्याने पातेल्यांनासुद्धा पांढरा थर धरतो. वर्षानुवर्षं तेच आम्ही गाडीत ओतलं. गॅरेजवाला म्हणायचा, कूलंट घाला. आमचे हे म्हणायचे, घरात पाणी असताना विकतचं कशाला.

त्या व्हॅनवर आमचं दोघांचं पोट होतं. मी घरी स्वयंपाक करायची आणि आम्ही दोघं तो आनंदनगरच्या एका कारखान्यात नेऊन वाढायचो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. गाडी तापल्यामुळे दोनदा उशीर झाला होता. परत झाला तर दुसरा माणूस बघतो, असं सुपरवायझरने तोंडावर सांगितलं होतं. यांची कंपनी कधीच बंद पडलेली, माझे गुडघे गेलेले. आम्हाला दुसरं काम कोण देणार होतं?

उल्हासनगरला रेडिएटरचं काम करणारा एक म्हातारा सिंधी आहे. त्याच्याकडे गाडी नेली. त्याने आत बोट घातलं, लाल झालेलं बोट फडक्याला पुसलं आणि नवीन टाका म्हणाला. ते झेपणारं नव्हतं. मग साफ तरी करून दे म्हटलं, तर नाही म्हणाला.

"माई, ये जंग ही इसको पकडके बैठा है. छेडना मत."

नवीन खपवायचं म्हणून बोलतोय, असं मला वाटलं. यांनाही तेच वाटलं.

रविवारी मी तांब्याचा हंडा चिंचेने घासत होते. हे समोर बसून बघत होते. हंडा लखलखला तसे म्हणाले, "चिंचेचं पाणी जरा जास्त कर." मी पातेलंभर केलं आणि चोथा अडकू नये म्हणून गाळून दिलं. त्यांनी ते रेडिएटरमध्ये ओतलं, गाडी बराच वेळ चालू ठेवली, गार झाल्यावर पाणी खालून सोडलं. आधी चहासारखं आलं, मग विटेच्या रंगाचं, आणि धुवून धुवून शेवटी स्वच्छ. हे खूश. शेजाऱ्याला बोलावून दाखवलं.

सोमवारी आनंदनगरच्या अलीकडे चढावर इंजिन तापल्याचा काटा वर गेला आणि पुढून वाफ आली. उतरून बघितलं तर रेडिएटरला बारीक बारीक भोकं पडलेली आणि सगळ्यांतून पाणी चाललेलं. चिंचेने गंज काढला होता. गंजाखाली काही उरलंच नव्हतं.

मागे भात, भाजी, वरण. शेअर रिक्षा भरून जात होत्या, हात केला तरी थांबत नव्हत्या. यांनी तसाच झाकणाला हात घातला. तेवढ्यात पाण्याचा एक टँकर बाजूला थांबला आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरला.

"काका, तोंड भाजून घ्यायचंय का? थंड होऊ द्या आधी."

थंड होईपर्यंत थांबायचं म्हणजे तिकडे सुट्टी संपणार. पण झाकण उघडल्याशिवाय पाणी घालता येत नाही. थांबलो. मी सारखी भाताच्या पातेल्याला हात लावून बघत होते, निवतोय का.

"मावशी, हळद आहे का?" टँकरवाल्याने विचारलं.

"भाजीत गेली."

"अख्खं किचन घेऊन फिरता आणि चिमूटभर हळद नाही?"

हळद भोकांत जाऊन बसते, गळती थांबते, थांबेलच असं नाही, असं तो म्हणाला. चढाच्या खाली एक टपरी होती. तसल्या गुडघ्यांनी खाली गेले, हळदीची पाकिटं घेऊन वर आले. त्याने टँकरचं पाणी दिलं. यांनी हळद कालवून ओतली. खालून पिवळी धार लागली, धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले.

पोचलो तेव्हा माणसं गेटवरचा वडापाव खाऊन आत परतत होती. सुपरवायझर गेटशीच होता. हे त्याला रेडिएटरचं सगळं पहिल्यापासून सांगत बसले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, मला माणसं उपाशी ठेवता येत नाहीत. उद्यापासून नका येऊ."

तो चुकीचं बोलला नाही. आजचं तरी ठेवून घ्या म्हटलं. कुणाला वाढू, म्हणाला.

घरी येईपर्यंत काटा जागचा हलला नाही. दारात गाडी लावल्यावर हे गुडघ्यांवर बसले, खालून हात फिरवला आणि मला दाखवला. हात कोरडा होता.

"धरलं बघ हळदीने. आता महिनाभर तरी काळजी नाही."

"जायचं कुठे पण हिच्यातून?" मी विचारलं.

त्यांनी परत एकदा खालून हात फिरवला. वरणाला वास यायला लागला होता, म्हणून मी पातेली उतरवायला घेतली. रोज येताना ती रिकामी असायची, मी एकटीच उतरवायची. त्या दिवशी पहिलंच पातेलं उचलेना. मला यांना हाक मारावी लागली.