चार फुटांवरचं कुंकू

माझ्या आतोबांइतका रागीट माणूस साऱ्या माळव्यात झाला नसेल. माणसांवर काय, कोणीही चिडतं. आतोबा चिडत ते तिळाएवढ्या पेंचावर म्हणजे स्क्रूवर, केसासारख्या स्प्रिंगवर आणि भिंगावर येऊन बसलेल्या धुळीच्या एका कणावर. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप दुरुस्त करणं ही त्यांची नोकरी, आणि घरी आल्यावर अख्ख्या उज्जैनची बारीकसारीक यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा संताप. राम घाटावर यात्रेकरूंचे फोटो काढणारे कॅमेरे घेऊन येत, डॉक्टर मंडळी मायक्रोस्कोप पाठवत, शेजारीपाजारी मनगटी घड्याळं. आतोबा उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावत, वस्तू उघडत आणि आत बघता बघता तिच्या मालकाचा उद्धार सुरू करत. मालक समोर उभा असला तरी त्यांना फरक पडत नसे.

त्यांचं टेबल उघडं असलं की घराचं घरपण संपायचं. पंखा बंद. उदबत्ती बंद, कारण धुराचा थर काचेवर बसतो. फोडणीसुद्धा बंद, कारण तेलाची वाफ हवेतून थेट भिंगापर्यंत येते असा त्यांचा शोध होता. आत्या बिचारी कढई गॅसवरून उतरवून तासतासभर थांबायची. एकदा मी दारातच शिंकलो. "बाहेर जा आधी! इकडे मी भिंग खोलून राहिलो आणि हा फवारे मारून राहिला!" मे महिन्याच्या उन्हात मी अर्धा तास अंगणात उभा होतो. आजही नाकात शिंक आली की मी आधी आजूबाजूला बघतो.

पण खरी कसोटी खंडेनवमीची. त्या दिवशी घरोघर हत्यारांना हळदकुंकू वाहतात. आमच्या आतोबांकडे हत्यारं टेबलावर आणि कुंकू चार फूट दूर, जमिनीवरच्या पाटावर. अंतर ते स्वतः टेपनं मोजत. आत्या एकदा म्हणाली, "अहो, देवाला एवढ्या लांबून कसं पोचेल?" तर म्हणाले, "देवाची नजर चांगली आहे. कुंकवाचा एक कण आत गेला तर माझी जाईल."

पुढे बाजारात नव्या वस्तूंचे दिवस आले. टॉवर चौकातली दुकानं चकचकीत झाली, रंगीत डब्यांतून छोटी घड्याळं, छोटे कॅमेरे आणि छोटी गाणारी यंत्रं येऊन बसली. आतोबांचा नियम असा की नवी वस्तू आधी उघडायची आणि मगच वापरायची. ते दुकानात गेले, एक कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "इसके पेंच कहाँ हैं?" दुकानदार हसून म्हणाला, "अंकल, इसमें पेंच का झंझट ही नहीं. खराब हो जाए तो नया ले लेना." झालं! पुढचा अर्धा तास आतोबा भर चौकात ओरडत होते. "खराब हो जाए तो नया? कल को बाप खराब हो जाएगा तो?" शेजारचा शेववाला झारा हातात धरून बघत राहिला. मला तेव्हा भयंकर लाज वाटली होती. आता माझ्याच घरात न उघडणाऱ्या, बंद पडलेल्या वस्तूंचं एक कपाट भरलंय, आणि लाज वाटते ती त्याची.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं, म्हणजे ताईचं, लग्न ठरलं. आत्याची एकच मागणी होती: फोटो आले पाहिजेत. तिच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं शटर ऐन वेळी अडकलं होतं आणि तीस वर्षं त्या लग्नाचा एकही फोटो घरात नव्हता. आतोबा कॅमेऱ्यांच्या नादी लागले ते तेव्हापासून. मी फुशारकीनं फोटोंची जबाबदारी घेतली आणि इंदूरहून नवा, आपोआप सगळं करणारा कॅमेरा आणला. आतोबांनी तो उघडू नये म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळपर्यंत लपवून ठेवला. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक अशी की निघताना आत्याच्या हाती कॅमेरा दिला. नवी वस्तू घरात आली, तिची पूजा नको? आत्यानं ओल्या अंगठ्यानं त्याच्यावर ठसठशीत कुंकू लावलं. मी बघत होतो आणि बरं वाटत होतं.

मुहूर्ताला पाऊण तास असताना मी ताईसमोर कॅमेरा धरला, बटण दाबलं. भिंगावरची पापुद्र्यासारखी पातळ झापडं अर्धी उघडली, घुर्र केलं आणि तिथंच अडकली. आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्या लग्नात हेच झालं. पोरीच्या लग्नातही तेच का?"

आतोबा पीतांबर नेसून बसले होते. ते उठले, आणि त्यांच्या कनवटीला काय होतं? भिंग, चिमटा आणि पेंच फिरवायचा पेचकस. मुलीच्या लग्नात! मांडवामागे सतरंजीच्या घडीवर ते बसले. कॅमेऱ्याला बगलेत रबराची पट्टी होती, ती त्यांनी नखानं उचलली. "पेंच लपवलेत! चोरांनी पेंच लपवलेत!" आतल्या फ्लॅशनं त्यांना सणसणीत झटका दिला, तेव्हा त्यांनी जे शब्द वापरले ते ऐकून गुरुजींनी मंत्राचा आवाज वाढवला. व्याही येऊन विचारून गेले, "वधूपिता कुठे आहेत?" वधूपिता श्वास रोखून झापडांच्या सांध्यात चिमटा घालत होते.

चिमटा बाहेर आला. टोकाला एक लाल कण होता.

आतोबांनी तो कण पाहिला. मग समोर उभ्या आत्याचा अंगठा पाहिला, तो अजून लाल होता. मी डोळे मिटून घेतले. तीस वर्षं चार फूट मोजणारा हा माणूस आता मांडव डोक्यावर घेणार, ताईच्या लग्नाचा विचका होणार आणि मी उभ्या जन्मात आत्याला तोंड दाखवू शकणार नाही.

"काय झालं होतं हो?" आत्यानं घाबरत विचारलं.

आतोबांनी चिमट्याचं टोक उपरण्याला पुसलं आणि गरजले, "कारखाना! दुसरं काय! काय कचरा बनवून राहिलेत लेकाचे!" माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. ती नजर ओरडण्यापेक्षा वाईट होती.

कॅमेरा जोडून त्यांनी माझ्या हातात दिला, तेव्हा झापडं उघडताहेत का ते बघायला मी पहिला फोटो त्यांचाच काढला. डोळ्याला भिंग, तोंड वासलेलं, पीतांबराचा सोगा चिमट्याखाली. मग ताईच्या लग्नाचे, आणि हा एक धरून, रोलवरचे छत्तीसच्या छत्तीस फोटो आले.

आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तोच फोटो आत्यानं मोठा करून भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला सांगते, "कारखानेवाल्यांवर किती चिडलेत बघा." मी हो म्हणतो. खंडेनवमीला ती त्यांची हत्यारं टेबलावर मांडते आणि चार फूट वगैरे काही न मोजता ओल्या अंगठ्यानं थेट भिंगाच्या काचेवर कुंकू लावते. मला अजूनही वाटतं, आत्ता आतून कोणीतरी ओरडेल. मी क्षणभर थांबून बघतो. मग संध्याकाळी, ती देवापाशी बसली की, मऊ फडक्यानं काच पुसून ठेवतो.