भाऊकाकांची कोळशाची मोटार

उसनी नेलेली शिडी परत न करणारा माणूस समोरून येताना दिसला, की आमचे भाऊकाका चटकन बाजूच्या पाखाडीच्या बोळात वळत. खरं तर लाज त्या माणसाला वाटायला हवी! पण तो छाती काढून चालायचा आणि काका कुणाच्या तरी गडग्याआड उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "अरे, मला बघितल्यावर त्याला शिडी आठवेल ना! कशाला बिचाऱ्याला ओशाळं करायचं?" काकू कपाळाला हात लावायची. "भीड भिकेची बहीण," ती म्हणायची, "आणि आमच्या ह्यांनी तिला पाट मांडून बसवलीय."

आई-वडील लवकर गेल्यामुळे मी काका-काकूंकडेच वाढलो, आणि आमच्याबरोबर वाढली ती मोटार. एसटी यायच्या आधी रत्नागिरीत खाजगी सर्व्हिस मोटारी चालत, त्यातली ही काकांची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती आणि त्या भट्टीच्या गॅसवर ती चाले. चालणे म्हणजे काय, चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. "बायकामाणसांनी बसून राहायचं हां," असं काका ओरडत, आणि मग एखादी आजीबाई गाठोड्यासकट ऐटीत बसून राही. भट्टीसकट शाबूत राहिलेली अशी मोटार आख्ख्या कोकणात दुसरी नसावी.

मी तिला पाहिली ती मांगरात, घरालगतच्या छपरात, ताडपत्रीखाली. दर दसऱ्याला काका तिला झेंडूची माळ घालत, पुढे नारळ फोडत आणि जमलेल्यांना सांगत, "एक हँडल मारायचा अवकाश, बोंबलत सुटेल!" पण बॉनेट सुंभाने करकचून बांधलेलं असे. ते उघडायची कुणाला परवानगी नव्हती. आम्हाला वाटे, म्हातारपणाचं खूळ.

माझं लग्न ठरलं तेव्हा प्रश्न आला. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी नुकता लागलो होतो. घर दोन खोल्यांचं, तेव्हा मांगर पाडून तिथे खोली काढायची असं काकूने जाहीर केलं. मोटार भंगारात द्यायची. भंगारवाला येऊन बघूनही गेला. काका नको म्हणाले नाहीत. फक्त मोटारीत जाऊन बसले आणि जेवायलासुद्धा उठेनात.

तेवढ्यात कुठून तरी कानावर गेलं म्हणून जुन्या गाड्यांचा शौकीन असलेले पुण्याचे एक गृहस्थ आले. भट्टी बघून ते तर वेडेच झाले. म्हणाले, "इंजिन जागेवर असलं तर मी ही पुन्हा रस्त्यावर आणतो. आणि पहिली फेरी रत्नागिरीतनं तुम्हीच मारायची, भाऊ." काकांनी आनंदाने उडी मारायची, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "उद्या बघू. बॉनेट गंजलंय," असं काहीतरी पुटपुटले. मला राहवेना. मी कोयता आणून सुंभ तोडलं आणि बॉनेट वर केलं.

आत इंजिनाच्या जागी आमची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"मेली! खालून शिरलीय! मी हिला गावभर शोधतेय!" काकू ओरडली. मग तिच्या लक्षात आलं. "अहो, इंजिन कुठाय?"

काका कोंबडीकडे बघत म्हणाले, "विकलं."

"कधी?"

"झाली की वर्षं."

पुण्याचे गृहस्थ भले माणूस. "सापडलं तर कळवा. नुसत्या सांगाड्याचं मी काय करू?" एवढं बोलून गेले. पण बातमी थोडीच थांबते! भाऊंनी इंजिन विकून खाल्लं आणि आयुष्यभर बढाया मारल्या, असं बाजारपेठेत झालं. "काय भाऊ, गाडी आता कोंबडीवर चालते काय?" असं लोक तोंडावर विचारत. काका हसत. मला मात्र त्यांची इतकी लाज वाटली, की कामावर जाताना मी मागच्या वाटेने जाऊ लागलो.

अशात एका दुपारी बंदरावरून इब्राहिम नाखवा आला. त्याची मासेमारीची होडी होती आणि काकांशी त्याची जुनी ओळख, पण बरीच वर्षं तो आमच्याकडे फिरकला नव्हता. ओटीवर बसला. मी त्याला चहा आणून दिला. कप तसाच धरून तो म्हणाला, "भाऊ, इंजिन तुमचा हाय. सांगा, कधी काढू?"

मग सगळं बाहेर आलं. हंगामाच्या तोंडावर त्याचं इंजिन निकामी झालं होतं, तेव्हा काकांनीच मोटारीचं काढून दिलं होतं, हंगामापुरतं म्हणून. हंगाम संपला. नवं घेणं त्याला जमेना, म्हणून तो शरमेने बोलला नाही. आणि त्याला शरम वाटेल म्हणून काकांनी मागितलं नाही. पुढे दोघंही एकमेकांना चुकवत फिरले.

"दिलेलं परत घेतात होय?" काका म्हणाले. "चहा घे, निवतोय."

"मग लोकांना तरी सांगतो, विकला नाय म्हणून."

"खबरदार! मला म्हणतायत तेवढं पुरे आहे. तू कशाला स्वतःला नावं ठेवून घेतोस?"

इब्राहिम गेल्यावर काकू म्हणाली, "अहो, देतोय तर घ्या की! गाडी उभी राहील."

"आणि होडी? भर हंगामात त्याची पोरं किनाऱ्यावर बसवू? कशासाठी, तर मी गावातनं एकदा मिरवायला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे कुठे बोलायचं नाही हां. माझी शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच मोटार सोडवायला घेतली. भंगारवाल्याला घण लावू दिला नाही, "पान्याने सोडवायची, तिला काय फाशी द्यायचीय?" असं म्हणाले. स्टिअरिंग निघालं तेव्हा ते मांडीवर घेऊन मांगराच्या दारात बसले आणि ढसाढसा रडले. मी दुसरीकडे बघत राहिलो.

खोली झाली. लग्न झालं. पंगतीत माझ्या सासऱ्यांनी त्या कोंबडीवरून काकांची फिरकी घेतली. सगळे हसले, मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्याने काका हसले. मी खरं का बोललो नाही? काकांची शपथ होती ना! आपल्या सोयीची शपथ पाळायला किती सोपी असते.

काही वर्षांनी काका गेले. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं, इब्राहिम मुलांना घेऊन आला होता. खेडहून आलेले एक पाहुणे हळहळत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. तेवढं ते इंजिन विकायला नको होतं."

"विकला नाय," इब्राहिम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माझ्या होडीत हाय. मीच परत केला नाय."

पाहुणे माझ्याकडे वळले. "अरे, आणि तुला हे ठाऊक नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. शब्द तोंडातून निघूनच गेला.

इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, म्हणून मी खाली वाकून तिरडीची दोरी उगाच आवळायला लागलो. तो पाहुण्यांना म्हणाला, "त्याला कसा ठाऊक असणार? तो तवा मुंबयला होता."

मी मुंबईला कधी राहिलोच नव्हतो. त्या दुपारी ओटीवर त्याच्या हातात चहाचा कप मीच दिला होता.