सोमवारची ट्रायल

पत्रात दोन दिवस दिले होते, शनिवार किंवा सोमवार. कुठला सोयीचा ते उलट टपाली कळवा, असं फर्नांडिस यांनी लिहिलं होतं. मी दहा मिनिटांत सोमवार ठरवला आणि तसं उत्तर टाकलं.

फर्नांडिस म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. सोलापुरात ते एकाच माणसाला बघायला येणार होते. तो माणूस म्हणजे आमच्या मिलचा सेंटर फॉरवर्ड, बिरदेव वाघमोडे. सगळे त्याला बिरू म्हणत.

मी मिलचा हेड टाइमकीपर. टाइमकीपर म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारा. भोंगा झाल्यावर कोण आत आला, कोण उशिरा आला, कोण आलाच नाही, हे सगळं मस्टर नावाच्या मोठ्या बुकात लिहायचं. हजर त्याला काळी शाई, गैरहजर त्याला लाल. याद्या करायची मला हौस आहे हे मॅनेजरसाहेबांनी हेरलं होतं, म्हणून फुटबॉल टीमचं सेक्रेटरीपदही माझ्याच गळ्यात पडलं. सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कामगारांनी संध्याकाळी सभेला जाण्यापेक्षा मॅच बघायला जावं, असं वरच्या लोकांना वाटे. त्यामुळे टीमचे बरेच लाड होत.

खेळाचा पगार मात्र कुणी देत नसे. खेळाडूला नोकरी द्यायची आणि संध्याकाळी त्याने खेळायचं, अशी पद्धत. कॉलेजात चांगलं खेळणाऱ्या मुलाला फुटबॉलवर जगायचं असेल तर रेल्वे, पोलीस, मिल किंवा मुंबईच्या कंपन्या, एवढीच दारं होती. मुंबईचं दार सगळ्यांत मोठं. बिरूच्या पुण्याच्या कॉलेजातल्या टीममधले दोघे त्या दारातून आत गेले होते. त्यांतला एक हाफबॅक तर कलकत्त्यापर्यंत खेळून आला. वर्तमानपत्रातला त्याचा फोटो बिरूने आपल्या डेस्कच्या झाकणाला आतून चिकटवला होता. झाकण उघडलं की आधी तो फोटो दिसे, मग दौत आणि टाक.

बिरू करकंबजवळच्या एका वस्तीवरचा. घरी मेंढरं. शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकला, इंटर झाला, बी.ए.ला नापास झाला. आणखी एक वर्ष काढणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. त्याच सुमाराला आमची टीम पुण्याला एक मॅच खेळायला गेली आणि त्याने एकट्याने आम्हाला तीन गोल मारले. मॅनेजरसाहेब मैदानावरच मला म्हणाले, "याला घेऊन या."

घेऊन आलो. आता बसवायचा कुठे? मी कागद घेऊन बसलो. ऑफिसात क्लार्क नेमायचा तर मुंबईच्या हेडऑफिसची परवानगी लागायची, शिवाय ऑफिस सुटायचं सहाला. मग प्रॅक्टिस कधी करणार? खात्यात हजेरी क्लार्क नेमायचा अधिकार मात्र मॅनेजरसाहेबांना होता, आणि कार्डिंग खात्यातला क्लार्क चारला सोडला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. कापसाच्या गाठी फोडून, झोडून साफ करतात ते ब्लोरूम आणि तो कापूस पिंजून त्याचे पेळू करतात ते कार्डिंग. या दोन खात्यांच्या मधल्या दारापाशी एक टेबल रिकामं होतं. मी तिथे बिरूचं नाव घातलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "उत्तम." मलाही ते उत्तमच वाटलं. त्या टेबलावर दर तासाला कापसाचा पांढरा थर बसतो हे मला ठाऊक होतं. टेबल पुसायला फडकं द्यावं अशी नोंदही मी केली होती.

वर्षभर तो छान खेळला. मग फर्नांडिस यांचं पत्र आलं. ट्रायल पसंत पडली तर कंपनीत कायम नोकरी; वागणूक, तब्येत आणि हजेरी यांचं सर्टिफिकेट तयार ठेवावं. बिरू चोवीस वर्षांचा झाला होता. अशी पत्रं पंचविशीनंतर येत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी त्याला बोलावून सोमवारचं सांगितलं.

"साहेब, शनिवार नाही का जमणार?"

"शनिवारी आठवडाभराचा थकवा असतो. रविवारी विश्रांती घे, सोमवारी ताजातवाना खेळ. साधा हिशेब आहे."

"सोमवारी जरा जड जातं, साहेब."

मी मस्टर उघडून त्याच्यापुढे फिरवलं. "ते मला दिसतंय. हे बघ, सोमवार लाल. हा सोमवार लाल. हा अर्धा दिवस, तोही सोमवार. रविवारी होटगीला मामाकडे जातोस ना? मामीच्या हातचं जेवण दोन दिवस उतरत नाही वाटतं!"

तो हसला. खाली बघून हसला. "मामी आग्रह फार करते, साहेब."

"करू दे. या रविवारी जायचं नाही."

"मग सोमवारी सकाळची तरी सुट्टी द्या. दुपारी थेट मैदानावर येतो."

इथे माझा नियमितपणा आडवा आला. सोमवार सोडले तर त्याची हजेरी चोख होती, म्हणून सर्टिफिकेटावर 'हजेरी नियमित' असं मला लिहायचं होतं. ज्या दिवशी ते सर्टिफिकेट फर्नांडिस यांच्या हातात द्यायचं त्याच दिवशी मस्टरात लाल शाई, हे मला पटेना. मी म्हणालो, "बारापर्यंत ड्यूटी कर, मग जा. माझी सही खोटी पडता कामा नये." तो "बरं" म्हणाला आणि गेला. रविवारी होटगीला मात्र गेलाच. घरात बसून जीव घाबरतो, असं त्याने कुणाला तरी सांगितलं म्हणे.

सोमवारी किल्ल्याजवळच्या मैदानावर रेल्वेच्या टीमशी मॅच ठेवली होती. आमचे बहुतेक गडी अनवाणी खेळायचे. बिरूच्या पायात कॉलेजातले जुने बूट होते, तेल लावून मऊ केलेले. फर्नांडिस खुर्चीत बसले नाहीत, घड्याळ हातात घेऊन रेषेवरून चालत राहिले. पहिली वीस मिनिटं बिरू असा खेळला की रेल्वेचा फुलबॅक आमच्याकडे बघून ओरडला, "अरे, ह्याला मेंढरं हाकायला पाठवा की परत!" लोक हसले. बिरूने त्या फुलबॅकच्याच दोन पायांमधून बॉल काढला आणि गोल केला. फर्नांडिस यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग तो थांबला. लंगडला नाही, पडला नाही. नुसता चालायला लागला. बॉल दहा हातांवरून जाई आणि तो बघत राही. हाफटाइमला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, खांदे कानापर्यंत वर आलेले. मी पाणी घेऊन गेलो.

"काय झालं रे?"

"काय न्हाय," तो म्हणाला. माझ्याशी असं गावाकडचं बोलताना वर्षभरात मी त्याला ऐकलं नव्हतं. "हुईल... दोन मिंटात हुईल."

झालं नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो उजव्या कोपऱ्यात बहुतेक वेळ उभाच होता. दोनदा धावला आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेत खोकत थांबला. रेल्वेने तीन गोल केले. त्या फुलबॅकनेही पुढे त्याला चिडवलं नाही.

फर्नांडिस माझ्याजवळ आले. "मिस्टर सेक्रेटरी, पाय फर्स्ट क्लास. डोकं फर्स्ट क्लास. दम नाही. काल संडे होता. पितो काय?"

"नाही हो. सुपारीसुद्धा खात नाही."

"मग आजारी?"

"छे! आज सकाळी ड्यूटीवर हजर होता," मी अभिमानाने म्हणालो आणि सर्टिफिकेट पुढे केलं.

त्यांनी ते वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि संध्याकाळच्या मेलने गेले.

दुसऱ्या दिवशी मी कार्डिंग खात्यात गेलो. तिथला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, शिवाप्पा. अक्कलकोटकडचा, वीस वर्षं त्याच खात्यात काढलेला. मशीनच्या आवाजात बोलता येईना म्हणून आम्ही दाराबाहेर आलो. त्याने कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला.

"सायेब, म्याच सोमवारी ठिवलासा व्हय?"

"हो."

"आन् सकाळी कामावर बी बसिवलं?"

"अर्धाच दिवस."

"मग कसं पळंल की ओ त्ये पोरगं?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उन्हात चूल पेटवायला निघालोय. "रविवारी भाईर हवेत छाती मोकळी हुती. सोमवारी कापूस आत गेला की छाती धरती. कुणीतरी उरावर बसल्यावानी. मंगळवारी जरा उतरतं. शनवारी माणूस गाणं बी म्हणतंय. समद्या खात्याला हाय की ह्ये. आमी गूळ खातो, तुमी लाल शाई लावता."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुमी इचारलं कवा? खिडकीतनं म्हनता, का आला न्हाईस? मागं पन्नास मानसं उभी. ताप हुता म्हनायचं आन् सुटायचं."

मी ऑफिसात येऊन मस्टर उघडलं. या वेळी एका बिरूची ओळ नाही, कार्डिंग आणि ब्लोरूमची सगळी पानं बघितली. सोमवारच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लाल. विणकामाच्या खात्यात तसं नव्हतं. कापडाच्या घड्या घालतात त्या घडी खात्यात तर मुळीच नव्हतं. अकरा वर्षं ती पानं मी स्वतः भरत होतो. त्या लाल रेघांचा अर्थ मी ठरवून टाकला होता, रविवारची चैन. त्यावरून दोनदा रिपोर्टही केला होता.

त्याच दिवशी फर्नांडिस यांना सगळं खरं लिहिलं आणि शनिवारी पुन्हा ट्रायल घ्यावी अशी विनंती केली. आठवड्याने उत्तर आलं. जागा भरली होती. पुण्याचाच एक मुलगा घेतला होता, बिरूच्या कॉलेजातला, त्याच्यानंतर दोन वर्षांनी आलेला.

पत्र मी बिरूला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं.

"मोकळेपणी सांगायचं होतंस रे," मी म्हणालो.

"काय सांगणार, साहेब? छाती धरते म्हटलं असतं, तर सर्टिफिकेटावर 'तब्येत उत्तम' लिहिलं असतं का तुम्ही?"

नसतं लिहिलं. तसं मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "मग झालं तर."

मी त्याची बदली घडी खात्यात केली, डेस्कही तिकडे हलवलं. तिथे धूळ नव्हती, पण सुटका साडेपाचला. थंडीच्या दिवसांत मैदानावर पोहोचेपर्यंत उजेड जाई. चारला सोडा म्हणून मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "कार्डिंगमध्ये सुटत होता की चारला. तुम्हीच तर बसवला होता." एक सीझन तो राखीव खेळाडू म्हणून आला, मग येईनासा झाला. पुढे अकलूजकडे एका शाळेत ड्रिलमास्तर म्हणून लागला. निरोप घ्यायला आला तेव्हा डेस्क रिकामं करून किल्ली माझ्या हातात दिली. झाकणाच्या आतला फोटो त्याने काढला नव्हता. मीही काढला नाही. नव्या क्लार्कने काढला.

आता मी सोमवारी भोंगा झाल्यावर आधी कार्डिंग खात्यात एक फेरी मारतो आणि मग मस्टर भरायला बसतो. पहिल्या दिवशी मी पावलं मोजली होती. माझ्या खुर्चीपासून बिरूच्या जुन्या टेबलापर्यंत ऐंशी भरली.